वारा बघून

केरोबिन आधी वारा बघतो, मग गिऱ्हाईक आणतो.
आमच्या बाल्कनीत उभा राहून बोट जिभेवर ओलं करतो,
त्याचा बाप बायण्याला होडी लोटण्याआधी करायचा तसं,
आणि म्हणतो, ‘बाय, आज मतलई.
अकराच्या आत दाखवून मोकळे होऊया.
खारा सुटला की बंदर घरात येतं.’

बंदर म्हणजे कोळसा.
हे गिऱ्हाइकासमोर म्हणायचं नाही.

शुक्रवारपासून घरात बांगडा नाही.
शनिवारी मुगागाठी केली, तीही दारं लावून.
रात्रभर पुसत होते:
ग्रिल, ग्रिलमागची फट, मनीप्लँटचं एकेक पान.
कढीपत्ता पुसता येत नाही,
त्याची कुंडी गच्चीवर पोचवली.
पंख्याची पाती उल्हासने पुसली
स्टुलावर चढून, एक शब्द न बोलता.
फडकं बादलीत पिळलं तर दौत लवंडल्यासारखं पाणी.
बावीस वर्षं मी हे पाणी मोरीत ओततेय.

फोटो काढा, म्हणाला होता केरोबिन,
घेणाऱ्याला भिंतीवर स्वतःची माणसं दिसली पाहिजेत.
म्हणून काढले. सासरे. म्हार्दोळच्या जत्रेतले आम्ही दोघं.
पदवीच्या झग्यातला सर्वेश.
आणि ज्याच्या त्याच्या जागी
एक पांढरा चौकोन राहिला, खणखणीत पांढरा,
तेव्हा कळलं उरलेली भिंत कुठल्या रंगाची आहे.
आम्ही तिला मोतिया म्हणायचो.

उल्हास मटकन खाली बसला. मला हसू आलं.
रंगारी चतुर्थीपर्यंत मिळणार नव्हता,
मग मार्केटातून त्याच मापाच्या चौकटी आणल्या.
सासऱ्यांच्या खिळ्यावर होडी टांगली.
तीस वर्षं पोर्टात काढली त्यांनी,
होडीत कधी पाय ठेवला नाही.

माळ्यावरचा सर्वेशचा नेब्युलायझर
खोक्यासकट शेजारी फ्लोरीनाकडे देऊन आले.
‘त्यातून काय दिसणार आहे कुणाला?’ उल्हास म्हणाला.
दिसतं, म्हटलं मी.

ते नागपूरचे. नवऱ्याची बदली नेव्हल बेसवर, सिव्हिलियन.
त्याने प्रत्येक नळ सोडून पाहिला.
तिने ओटा वितीने मोजला,
विचारलं, समुद्र दिसतो का?
बाथरूमच्या खिडकीतून, चार बोटं, मी म्हटलं.
ती खरंच जाऊन बघून आली, खूश होऊन.

त्यांची मुलगी आतल्या खोलीत गेली होती.
सहा वर्षांची असेल. दात पडलेले.
बाहेर आली ती बोट वर धरून,
मत देऊन आल्यासारखी.
सरकत्या खिडकीची खालची पट्टी! तेवढीच राहिली होती.
आईकडे गेली नाही. माझ्याकडे आली.
केरोबिनने घड्याळ पाहिलं. दहा चाळीस.

मी तिचं बोट पदरात घेतलं आणि पुसलं.
‘काजळ आहे ते,’ म्हटलं.
शब्द आपोआप आला, सर्वेशला हेच सांगायचे.
तिने थोडा विचार केला.
‘कुणाचं?’

घर त्यांना पसंत आहे.
खाली जिन्यात केरोबिनने उल्हासचा हात दोन्ही हातांत घेतला,
टोकन मंगळवारी, म्हणाला.
दुपारी मी बांगडे तळले, सगळ्या खिडक्या सताड उघडून,
आणि पदराचं टोक दोनदा साबणाने धुतलं.
डाग करड्यावर येऊन थांबला.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला.
पडद्यांची मापं घ्यायचीत, उद्या येऊ का?
सकाळी जमेल, कितीही लवकर.

सकाळी आम्ही नाही, म्हटलं मी.
चारला या. मुलीला घेऊन या.

केरोबिनला सांगितलेलं नाही.
फडकं वाळत घातलंय.